मावशीची ट्रंक आणि माझा स्क्रीनशॉट

मी मूळचा पेडण्याचा, आता नोकरीमुळे पुण्यात. आज डिचोलीच्या माझ्या मावशीची एक आठवण लिहितोय. थोडा इतिहासही येईल, सांभाळून घ्या.

पेडणे, डिचोली, सत्तरी हे आपले महाल नव्या काबिजादीतले. डिचोली १७८१-८२च्या सुमारास पोर्तुगिजांकडे गेली, पेडणे १७८८ मध्ये. त्यामुळे आपल्याकडचे जुने कागद बरेचसे मराठीत, मोडीत. लिहिणारा भाटकाराचा माणूस, अंगठा उठवणारा कूळ. खंड भरला की पावती मिळायची, कधी मिळायचीही नाही.

मुक्तीनंतर १९६४ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात कूळ कायदा आला. १९६८च्या जमीन महसूल संहितेनंतर गावोगावी मोजणी झाली आणि एक-चौदाचा उतारा तयार झाला. त्यात कब्जेदाराचा रकाना वेगळा, कुळाचा वेगळा. मग १९७६ मध्ये शशिकलाताई मुख्यमंत्री असताना पाचवी दुरुस्ती आली: कसणारा कूळ हाच जमिनीचा खरेदीदार मानला जाईल. पण नुसतं मानून भागत नाही. मामलेदाराकडे अर्ज, किंमत भरणं, सनद घेणं, हे सगळं ज्याचं त्याने करायचं. कित्येकांनी केलंच नाही. "शेत आपणच करतो, आणखी काय पाहिजे?" असं म्हणून राहिले. मावशीचे सासरे त्यातलेच.

सासरे गेले, मग काकाही गेले. मावशी एकटीच शेत बघायची. आणि एके दिवशी एक गृहस्थ बांधावर येऊन सांगून गेले, "ह्या शेताला कूळ नाही, जागा विकायची आहे." मावशीचा रात्री फोन आला. आवाज कापत होता. "बाबू, आमचं नाव कागदावर आहे की नाही तेवढंच बघून सांग रे."

मी लॅपटॉप उघडला. तालुका डिचोली, गाव, सर्वे नंबर, पोटहिस्सा घातला. उतारा आला. कुळाच्या रकान्यात रोमन अक्षरांत सासऱ्यांचं नाव! मला इतका आनंद झाला, की विंडोज, शिफ्ट आणि एस दाबून नेमका तेवढाच तुकडा कापला आणि मावसभावाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो वकिलाकडे गेला. वकिलांनी फोटो बघितला आणि विचारलं, "नाव आहे, पण कुठल्या शेताचं? सर्वे नंबर कुठे? कधीचा उतारा?" वरचा सर्वे नंबर आणि खालची तारीख मी कापून टाकली होती. नुसतं नाव काय, कुणीही टाइप करील.

रात्री पुन्हा बसलो. ह्या वेळी विंडोज आणि प्रिंट स्क्रीन ही बटणं एकत्र दाबली. माझ्या लॅपटॉपवर सोबत एफएनही दाबावं लागतं. अख्खा पडदा पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्सच्या फोल्डरात जाऊन बसला, कोपऱ्यातल्या घड्याळासकट. उतारा लांब होता म्हणून दोन तुकडे घेतले, मधल्या दोन ओळी दोन्हींत येतील असे. गंमत म्हणजे १९८१च्या आयबीएम पीसीवर हे बटण खरोखर पडद्यावरची अक्षरं कागदावर छापायचं. नाव राहिलं, कागद गेला.

वकिलांनी स्पष्ट सांगितलं, "हा पुरावा नव्हे. पण आता कुठल्या कागदाची नक्कल मागायची ते कळलं." मावसभावाने सही-शिक्क्याची नक्कल काढली. मग मावशीने खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली. आत खंडाच्या पावत्या, सासऱ्यांनी दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. शेवटची पावती सत्तरच्या दशकातली. उताऱ्यावरचं नाव आणि पावतीवरचं नाव जुळलं. वारसांची नावं लावायला आणि खरेदीसाठी मामलेदाराकडे अर्ज गेला. प्रकरण अजून चालू आहे, तारखा पडताहेत. पण ते गृहस्थ पुन्हा बांधावर आले नाहीत, आणि गेल्या पावसात मावशीने लावणी केली.

चतुर्थीला गेलो तेव्हा तिने माझ्या त्या स्क्रीनशॉटचा प्रिंट मागितला. म्हटलं, "मावशी, आता खरी नक्कल आहे ना, हा कशाला?" म्हणाली, "तू रात्री बसून काढलास. असू दे." आणि पावत्यांवर ठेवून ट्रंक बंद केली.

मंडळी, तुमच्या घरचा एक-चौदा एकदा उघडून बघा. कुळाचा रकाना वाचा. फोटो घ्याल तर अख्ख्या पडद्याचा घ्या, कडा कापू नका, आणि फाइलला गाव, सर्वे नंबर, तारीख असं नाव द्या. आणि म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंकेतलं काहीही न विचारता फेकू नका. तुमच्या घरी अशा पावत्या असतील तर खाली नक्की सांगा.