काका, तुमचं लायसन कुठंय?

परवा मार्केट यार्डात भुसार विभागातल्या एका गाळ्यावर बसलो होतो. जुनी ओळख. आजोबा गेले, आता नातू गादीवर बसतो. चहा झाला, मी विम्याचा विषय काढला. पोरगं हसत म्हणालं, "काका, आमचं लायसन ते बघा, लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलंय. बाजार समितीचं. तुमचं कुठंय?"

पोराने गंमत केली, पण प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे लायसन नाही. आज भारतात नव्याने विमा एजंट होणाऱ्या कोणालाच सरकारी लायसन मिळत नाही. हे असं का झालं आणि त्याचा तुमच्या-आमच्या खिशाशी काय संबंध, हे त्याला गाळ्यावर दहा मिनिटांत सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय. जरा लांबेल, पण वाचा.

सुरुवात लांबून करावी लागेल. स्वदेशीच्या काळात आपल्याकडे विमा कंपन्या भराभर निघाल्या. आपल्या साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली. चांगल्या कंपन्या होत्या, तशा बुडणाऱ्याही होत्या. पॉलिसी कोणीही विकावी, कमिशन कोणीही घ्यावं, असा मामला. गिऱ्हाईक पटवायला एजंट आपल्या कमिशनातला वाटा त्यालाच परत द्यायचा. मग हप्ते बंद पडायचे, पॉलिसी मरायची, आणि तोवर एजंट दुसऱ्या गावाला.

यावर १९३८ चा विमा कायदा आला, १ जुलै १९३९ पासून लागू झाला. त्यातली तीन कलमं आमच्या धंद्याची कुंडली आहेत. कलम ४०: परवानाधारक नसलेल्याला कमिशन द्यायचं नाही. कलम ४१: कमिशनातली सूट गिऱ्हाइकाला द्यायची नाही. कलम ४२: एजंटाला परवाना. पण हा परवाना म्हणजे परीक्षा नव्हे. अज्ञान नको, कोर्टाने वेडा ठरवलेला नको, अफरातफर, फसवणूक किंवा बनावट कागदपत्रांत शिक्षा झालेला नको. बाकी फी भरा, लायसन घ्या. सरकार फक्त नाव नोंदवून घेत होतं. एजंटाला विम्यातलं काही कळतं का, हे कोणी विचारत नव्हतं.

१९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. तोवर देशमुख मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले होते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. महामंडळ आलं तरी एजंटाच्या लायसनची पद्धत तीच राहिली.

मी स्वतः एजन्सी घेतली १९९४ साली. विकास अधिकाऱ्याने यार्डातल्याच एका हॉटेलात फॉर्म भरून घेतला, दोन फोटो लावले आणि काही आठवड्यांनी लायसन हातात आलं. सर्व्हायव्हल बेनिफिट म्हणजे काय हे मला लायसन मिळाल्यावर कळलं. तरी यार्डात मान मिळाला. इथे परवाना या शब्दाला वजन आहे. जुन्नरचा किंवा पुरंदरचा शेतकरी माल पाठवतो तेव्हा तो आडत्याला दरवेळी ओळखत असतोच असं नाही. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने आडत्याला परवाना सक्तीचा केला. पट्टीचे पैसे मिळाले नाहीत तर शेतकऱ्याला समितीच्या दारात जाता येतं आणि समिती परवाना काढून घेऊ शकते. लायसन म्हणजे तक्रार करायला एक दार. लोकांना वाटायचं, विम्याच्या लायसनचंही तसंच असेल.

तसं नव्हतं, हे १९९७ च्या एका निकालाने दाखवून दिलं. एका विमाधारकाने हप्त्याचा चेक एजंटाकडे दिला. चेक वटला, पण एजंटाकडून पैसे वेळेत महामंडळात पोचले नाहीत. ते भरले गेले तेव्हा विमाधारक अपघातात गेलेला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालय म्हणालं, नियमाप्रमाणे या एजंटाला हप्ता गोळा करण्याचा अधिकारच नव्हता, त्यामुळे एजंटाला पैसे दिले म्हणजे महामंडळाला दिले असं होत नाही. पॉलिसी बंद पडलेली होती, विम्याची रक्कम वारसांना मिळाली नाही.

आता सांगा, यार्डात हप्ता कसा भरला जायचा? तोलणार असो, हमाल असो की दिवाणजी, पगार झाला की नोटा मोजून एजंटाच्या हातात. पावती नंतर. मीही वर्षानुवर्षं तसेच घेतले. कोणाचे बुडवले नाहीत, पण एकदा तापाने पडलो आणि एका तोलणाराचा हप्ता ग्रेस पिरियड उलटून गेल्यावर भरला. काही झालं नाही. झालं असतं तर? तो निकाल मी फार उशिरा वाचला, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

१९९९ चा कायदा आला, आयआरडीए स्थापन झाली, खासगी कंपन्या आल्या. २००० च्या नियमांनी पहिल्यांदा एजंटाला शाळेत बसवलं. ५,००० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या गावात बारावी पास, लहान गावात दहावी. १०० तासांचं प्रशिक्षण, मग मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा. फी २५० रुपये, मुदत ३ वर्षं. नूतनीकरणाला पुन्हा २५ तास. पुढे २००७ मध्ये १०० चे ५० तास झाले.

माझ्या भाच्याने २००३ मध्ये ते १०० तास पूर्ण केले. मी नूतनीकरणाचे २५ तास बसलो. नऊ वर्षं धंदा केल्यावर आचारसंहिता पहिल्यांदा तिथे वाचली. मागितल्यास लायसन दाखवायचं. गिऱ्हाइकाने विचारलं तर कमिशन किती हे सांगायचं. प्रस्तावात काही लपवायला गिऱ्हाइकाला भरीस घालायचं नाही. वर्गात काही जण पेंगत होते, काही जण नवऱ्याच्या एजन्सीसाठी स्वतःच्या नावाने आलेल्या बायका होत्या. तरीही ते तास वाया गेले असं मी म्हणणार नाही.

मग २०१५ ची दुरुस्ती आली. कलम ४२ बदललं. सरकारने लायसन देणं बंद केलं आणि एजंट नेमायचा अधिकार कंपनीला दिला. आता दहावी पास, प्रशिक्षण, परीक्षा, आणि मग कंपनीचं नेमणूकपत्र, एजन्सी कोड, ओळखपत्र. एका आयुर्विमा कंपनीचं, एका सर्वसाधारण विमा कंपनीचं आणि एका आरोग्य विमा कंपनीचं काम घेता येतं. दर ३ वर्षांनी नूतनीकरणाची धावपळ संपली.

आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे लागलं. लायसन माझं होतं, नेमणूक कंपनीची आहे. कंपनीने नेमणूक काढली की यार्डात तीस वर्षं फिरलेला माणूस एका पत्राने बाहेर. ही तक्रार खोटी नाही.

पण त्याच दुरुस्तीत एक वाक्य आहे, ते फार थोड्यांनी वाचलंय. एजंटाने जे केलं आणि जे करायचं टाळलं, त्या सगळ्याला कंपनी जबाबदार, आणि दंड १ कोटी रुपयांपर्यंत. एजंट म्हणून अनधिकृत काम करणाऱ्याला दंड १०,००० पर्यंत, पण अशा माणसाला नेमणाऱ्या कंपनीला पुन्हा १ कोटीपर्यंत. कलम ४१ च्या सुटीचा दंडही ५०० रुपयांवरून १० लाखांपर्यंत गेला. म्हणजे १९३८ ते २०१५ आमच्या हातात सरकारी कागद होता, पण आमच्या चुकीचं उत्तर कोणी द्यायचं हे धूसर होतं. आता कागद गेला, पण उत्तर द्यायला कंपनी उभी आहे.

मात्र भ्रमात राहू नका. तो दंड कंपनीला होतो, ते पैसे तुमच्या घरी येत नाहीत. १९९७ चा धडा अजून तसाच आहे. हप्ता कोणाच्या हातात दिला यापेक्षा कंपनीची पावती कोणत्या तारखेची आहे, हे मोलाचं.

म्हणून गाळ्यावरच्या त्या पोराला आणि तुम्हा सगळ्यांना सांगतो. एजंटाचं ओळखपत्र मागा, लाजू नका. आम्ही ते दाखवायला बांधील आहोत. कमिशन विचारा, तेही सांगावं लागतं. फॉर्म कोरा सही करून देऊ नका, आजार लपवू नका. हप्ता थेट कंपनीला भरा, ऑनलाइन जमत नसेल तर कंपनीच्या नावाने चेक द्या. घरात आई-वडिलांच्या जुन्या पॉलिसी असतील आणि एजंट सोडून गेला किंवा वारला असेल, तर त्या घेऊन थेट शाखेत जा. एजंट गेला तरी कंपनीची जबाबदारी जात नाही.

आणि हो, परत त्या गाळ्यावर जाईन तेव्हा नेमणूकपत्राची झेरॉक्स घेऊन जाणार आहे. माझं जुनं लायसन पत्र्याच्या ट्रंकेत आहे, मुदत कधीच संपली. फ्रेम करायचा विचार होता, राहू दिला.

यार्डातल्या कोणाला नेमणूकपत्र कसं तपासायचं हे कळत नसेल तर बिनधास्त विचारा. पॉलिसी घेतलीच पाहिजे असं नाही.