कोल्हापूरला शून्य गुण

रत्नागिरीतून हॅम रेडिओवर कोल्हापूरच्या माणसाशी बोललात तर शून्य गुण. कोलंबोच्या माणसाशी बोललात तर एक. नैरोबीशी बोललात तर तीन.

हा नियम 'सीक्यू वर्ल्ड वाइड' या स्पर्धेचा आहे. हौशी रेडिओच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी ही एक, १९४८ पासून चालत आलेली. ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेला हौशी रेडिओवाला. त्याला एक कॉलसाइन मिळतं. आपल्याकडची बहुतेक 'व्हीयू'ने सुरू होतात. सेट त्याचा, अँटेना त्याची. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही. स्पर्धेत ४८ तासांत जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायचा, प्रत्येकाला आपला झोन नंबर सांगायचा (भारताची मुख्य भूमी झोन २२ मध्ये येते), त्याचा लिहून घ्यायचा आणि पुढे जायचं. ही स्पर्धा जागतिक वेळेनुसार शनिवारी शून्य वाजता सुरू होते. म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपली. सोमवारी दहाला स्टँडअप मीटिंग असणाऱ्यांसाठी हे वेळापत्रक कोणी बनवलेलं नाही.

मी मूळचा रत्नागिरीचा, पोटापाण्यासाठी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. रेडिओइतकाच मला या स्पर्धांच्या नियमपुस्तकांचा नाद आहे. कुठल्याही सिस्टिमचे नियम नीट वाचले की ते लिहिणाऱ्याला कशाचं कौतुक होतं आणि कशाची भीती होती ते कळतं. कोल्हापूरला शून्य का, याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

अंतराचा मोह

१९१२ मध्ये अमेरिकेने कायदा करून हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीवर ढकललं. या लघुलहरी लांब जात नाहीत, म्हणजे निरुपयोगी, अशी तेव्हाची समजूत. हौशी लोकांनी ती खोटी ठरवायचं मनावर घेतलं. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हौशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून बसला आणि त्याने अटलांटिकपलीकडची हौशी स्टेशनं ऐकली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या लिओं डलॉयने अमेरिकेतल्या दोघांशी दोन्ही बाजूंनी बोलणं साधलं. या चाचण्या दरवर्षी होऊ लागल्या. १९२७ मध्ये अमेरिकेच्या हौशी संघटनेने त्यांना नवं रूप दिलं: एकच समुद्र ओलांडण्यापेक्षा जमतील तितक्या देशांतली जमतील तितकी स्टेशनं गाठा. तीच पहिली रेडिओ स्पर्धा मानली जाते.

म्हणजे स्पर्धा जन्मली ती 'लांब जाता येतं' हे सिद्ध करण्यासाठी, आणि तो हट्ट गुणपद्धतीत उतरला. सीक्यू वर्ल्ड वाइडमध्ये दुसऱ्या खंडाला तीन गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाला एक (उत्तर अमेरिकेत दोन), आपल्याच देशाला शून्य. मग गुणांच्या बेरजेला गुणकाने गुणायचं. गुणक म्हणजे प्रत्येक बँडवर मिळालेले वेगवेगळे देश आणि वेगवेगळे झोन.

वरचे तीन संपर्क एकाच बँडवर झाले असं धरू. गुण: ० + १ + ३ = ४. देश तीन. झोन दोनच, कारण श्रीलंकाही झोन २२ मध्ये आहे आणि केनिया ३७ मध्ये. गुणक ३ + २ = ५. एकूण २०. आता कोल्हापूर काढून टाका: गुण तेच ४, गुणक ४, एकूण १६. शून्य गुणांच्या कोल्हापूरने चार गुण वाढवले! पण हा मान पहिल्या भारतीय स्टेशनाचाच. त्यानंतर त्याच बँडवर सांगली आलं, सोलापूर आलं, तर हातात काही पडत नाही. स्पर्धेच्या घाईत शहाणा ऑपरेटर त्यांच्यासाठी थांबत नाही.

कोणी खोटं लिहिलं तर? प्रत्येक संपर्क दोघांच्या लॉगमध्ये असायला हवा. दुकानदाराची वही आणि गिऱ्हाइकाची वही शेजारी ठेवून ताळा करावा, तसे सगळे लॉग कॉम्प्युटर एकमेकांशी ताडून बघतो. कॉलसाइनमधलं एक अक्षर चुकलं तर तो संपर्क बाद, वर दंड. या स्पर्धेचं सगळ्यात शिस्तीचं अंग हेच. उलट सगळ्यात पोकळ अंग म्हणजे '५९'. तुझा आवाज उत्तम येतोय, असा त्याचा अर्थ. प्रत्येक जण प्रत्येकाला ५९ देतो, मग तो आवाज खरखरीत अर्धा बुडालेला का असेना.

लांब असण्याची किंमत

रत्नागिरीला अंतराचं गणित नवीन नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. १९२४ मध्ये सावरकरांना येरवड्यातून सोडताना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही अशी अट घातली गेली. ती १९३७ पर्यंत टिकली. इंग्रजांनी हा जिल्हा निवडला त्यामागचा हिशोब नकाशात दिसतो. पश्चिमेला समुद्र, पावसाळ्यात बोटी बंद. पूर्वेला सह्याद्री. रेल्वे नाही. कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये.

इंग्रजांनी जे दूरपण शिक्षा म्हणून वापरलं, तेच रेडिओ स्पर्धेत बक्षीस होतं. जिथे स्टेशनं कमी, तिथल्या स्टेशनाला भाव जास्त. थिबाच्या राजवाड्याच्या आवारातून आज कोणी मंडालेशी बोललं तर सीक्यूच्या नियमाने एक गुण मिळेल आणि ब्रह्मदेश हा देश म्हणून गुणकात जमा होईल. राजाला तीस वर्षांत जे जमू दिलं नाही, त्याला एक गुण.

नियम जागेची किंमत कशी ठरवतात याचं गमतीचं उदाहरण रत्नागिरीतच आहे. रेडिओवाल्यांनी पृथ्वीचे चौकोन पाडले आहेत, दोन अंश रेखांश रुंद आणि एक अंश अक्षांश उंच. प्रत्येकाला दोन अक्षरं आणि दोन आकडे. दक्षिण मुंबई आणि पुणे दोन्ही 'एमके६८' या एकाच चौकोनात पडतात. रत्नागिरीत मात्र सतरा अंशांची रेघ शहराला खेटून जाते. भाट्ये 'एमके६६' मध्ये, मिऱ्या 'एमके६७' मध्ये. काही अमेरिकन स्पर्धांत चौकोन हेच गुणक असतात आणि गाडीत सेट टाकून चौकोन बदलत फिरणाऱ्यांसाठी वेगळा गटही असतो. ते नियम इथे लावले तर रिक्षाने भाट्यातून मिऱ्याला गेलं की नवा चौकोन. दक्षिण मुंबईतून बोला नाहीतर पुण्यातून, चौकोन तोच.

सह्याद्रीवरून उडी

पण कोल्हापूरशी बोलणं खरंच इतकं सोपं आहे का, की त्याला शून्य द्यावं? सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर. हातात धरायच्या छोट्या सेटच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेत जातात आणि मध्ये आंबा घाटाची भिंत उभी आहे. घाटमाथ्यावर रिपीटर नसेल तर हाक भिंतीला आपटून परत.

उपाय चाळीस मीटरच्या बँडवर आहे, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपास. वीस मीटर तार दोन माडांमध्ये मुद्दाम खालीच बांधायची. लहरी जवळजवळ सरळ वर जातात, आयनांबरावरून परततात आणि काहीशे किलोमीटरच्या परिसरात पावसासारख्या खाली पडतात. डोंगर मध्ये येतच नाही. अंधार पडल्यावर वरचा थर विरळ होतो, मग जवळचे आवाज हरवतात आणि लांबचे येतात.

या बँडला आपल्याकडे एक जुना संदर्भ आहे. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर भारतातल्या हौशी रेडिओवाल्यांना प्रक्षेपक जमा करायला सांगितलं गेलं. १९४२ च्या ऑगस्टअखेर मुंबईतून उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र चालू केलं. त्याचा प्रक्षेपक उभा करण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा हात होता. पोलिसांच्या शोधगाड्यांना चुकवत केंद्र घरं बदलत राहिलं आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पकडलं गेलं. त्यांची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. भागाकार करून बघा, ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. आज भारतातले हॅम एकमेकांची विचारपूस करतात तो बँड हाच. देशातल्या देशात बोलायला तेव्हाही हाच बरा होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये महू इथे भारतीय हौशी रेडिओ संस्थेची पायाभरणी झाली. सीक्यू वर्ल्ड वाइडही त्याच वर्षीची. आपल्या माणसांना एकमेकांशी बोलायची मोकळीक नुकती परत मिळत होती, आणि खेळाचा नियम सांगत होता की आपल्या माणसाशी बोलण्याला शून्य.

दुसरे हिशोब

सगळे नियम असे नाहीत. अमेरिकेतला फील्ड डे १९३३ पासून चालतो. त्यात अंतराला काडीची किंमत नाही. आवाजी संपर्काला एक गुण, मग तो शेजारच्या गावाचा असो की समुद्रापारचा. मात्र पाच वॅटच्या आत आणि बॅटरी किंवा सौरऊर्जेवर काम केलं तर सगळं गुणिले पाच. सगळं स्टेशन आणीबाणीच्या विजेवर चालवलं तर प्रत्येक प्रक्षेपकामागे वेगळे शंभर गुण. आपले तीन संपर्क या सूत्रात घाला: ३ × ५ + १०० = ११५. कोल्हापूर आणि नैरोबी एका पंगतीत, आणि बॅटरी दोघांपेक्षा मोठी. हे नियम लिहिणाऱ्याला वीज जाण्याची भीती होती.

कॅलिफोर्नियाच्या प्रादेशिक स्पर्धेत बाहेरच्यांसाठी तिथल्या ५८ काउंट्या हाच गुणक असतो. त्यामुळे सगळ्यात कमी वस्तीच्या अल्पाइन काउंटीला लॉस एंजेलिसइतकीच किंमत येते, आणि दुर्मीळ काउंट्या हवेवर याव्यात म्हणून लोक सेट घेऊन मुद्दाम तिथे जातात. जपानी संघटनेच्या 'ऑल एशियन' स्पर्धेत झोनऐवजी स्वतःचं वय सांगायचं. जुन्या नियमांत बायकांना वयाच्या जागी ००० नव्हे, ०० म्हणायची मुभा होती. त्या काळाचे शिष्टाचारही गुणपत्रिकेत असे जपले गेले आहेत.

मग कोकणाचे नियम कोणत्या भीतीने लिहावेत? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडच्या गावांत वीज आणि मोबाइल कितीतरी दिवस नव्हते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं आणि फोन लागेनासे झाले. तुमच्या हातातला फोन टॉवरच्या जिवावर बोलतो, टॉवर विजेच्या आणि केबलच्या. अशा दिवशी नैरोबी मिळाली काय, न मिळाली काय. घाटावरचं कोल्हापूर, कराड, सातारा मिळायला हवं.

मी कोकणापुरता एक मसुदा करून ठेवला आहे. घाट ओलांडणाऱ्या संपर्काला तीन गुण. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात दोन. राज्याबाहेर एक. रत्नागिरी जिल्ह्याचे नऊ तालुके हा गुणक, म्हणजे मंडणगडला रत्नागिरी शहराइतकीच किंमत. मुख्य लाइनची वीज वापरली तर निम्मे गुण कापायचे. आणि स्पर्धा जुलैमध्ये, विजांची कडकड बँडभर पसरलेली असताना. हिवाळ्यातल्या स्वच्छ हवेत सगळेच शूर असतात.

एक नियम मात्र मला कुठल्याच पुस्तकातून जसाच्या तसा घेता आला नाही. ५९ ऐवजी प्रत्येकाने वीस शब्दांचा मराठी निरोप पाठवायचा, त्यात निदान दोन आकडे हवेत. समोरच्याच्या लॉगमध्ये एक शब्द जरी बदलला तरी संपर्क बाद. मराठीत आकडे दगा देतात. खरखरीत पंचावन्न आणि पंच्याण्णव सारखेच ऐकू येतात, एकोणसाठ आणि एकोणसत्तरचं पहिलं अर्धं तर एकच आहे. म्हणून आकडा सुटा सांगायचा: पाच-पाच, नऊ-पाच. छतावर किती माणसं अडकली आहेत हे पलीकडे बरोबर लिहिलं गेलं, तर त्या संपर्काला किती गुण द्यायचे, एवढी एक जागा मसुद्यात अजून मोकळी आहे.