वेदीवरील द्राक्षारसाचा इतिहास

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी देवळाच्या उभारणीचा वृत्तांत वाचकांस इतरत्र मिळेलच. आम्ही येथे चषकातील चार थेंबांचा इतिहास सांगू इच्छितो. कारण ‘फादर, दारूने आमची घरे बुडाली, मग वेदीवर द्राक्षारस कशास?’ असे आमच्या माताभगिनी आम्हांस पुष्कळदा विचारतात, आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे.

प्रभू येशूने शेवटच्या भोजनसमयी द्राक्षारसाचा चषक हाती घेतला. म्हणून ख्रिस्तसभेचा नियम असा की, मिस्सेचा रस द्राक्षांचाच, नैसर्गिक व न बिघडलेला असावा. आपला भंडारा जिल्हा भाताचा, तलावांचा व मोहफुलांचा. परंतु मोहाची दारू कितीही शुद्ध असली तरी वेदीवर चालत नाही.

मग हा रस कोठून येई? १५१० साली गोवा व १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली, तेव्हा लिस्बनच्या गलबतांतून द्राक्षारसाची पिंपे येत. प्रवास सुमारे सहा महिन्यांचा. वाटेत रसाचा शिरका झाला, तर तो वेदीस निरुपयोगी. पोर्तुगाल देश समुद्रकाठचा खरा, पण त्याचे हवामान एकसारखे नाही. उत्तरेकडील मिन्यो प्रांत ओला. तेथे वेली झाडांवर व मांडवांवर उंच चढवीत. पलीकडे माराव डोंगर पाऊस अडवितो, म्हणून दोरू नदीचे खोरे कोरडे राहून द्राक्षांस मानवते. या खोऱ्याच्या सीमा १७५६ साली सरकारने आखून दिल्या.

कोकणच्या मुसळधार पावसात द्राक्षवेल बुरशीने कुजते. पण माराव डोंगर तेथे जे करितो, तेच सह्याद्री येथे करितो. घाट ओलांडताच पाऊस ओसरतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादेच्या द्राक्षांची नोंद केली आहे. आज नाशिकचे शेतकरी एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबराच्या सुमारास फळासाठी छाटणी करितात, म्हणजे पावसाळा टळून उन्हाळ्याच्या तोंडाशी घड पिकतात. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षांपासून मद्य करण्याच्या उद्योगास उत्तेजन देणारे धोरण आखले. अशा रीतीने एके काळी सातासमुद्रांपलीकडून येणारा रस आता आपल्याच राज्यात होऊ लागला आहे.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. मुंबई राज्याच्या १९४९ च्या मद्यनिषेध कायद्यानेही धर्मविधीच्या द्राक्षारसास निराळी वाट ठेविली होती. व्यसन व उपासना यांतील भेद कायद्यासही उमगला. गुत्त्यातील पेला घरातील धान्य व मुलांचे शिक्षण हिरावून नेतो. वेदीवरील चषक मात्र प्रभूने स्वतःस दिल्याची खूण आहे. तो चषक पाहून घरी गेलेला पुरुष गुत्त्याकडे वळला, तर मिस्सा त्याच्या कानांवरून गेली, अंतःकरणात शिरली नाही, असेच आम्ही म्हणू.

शेवटी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मिस्सेत धर्मगुरू द्राक्षारसात थोडे पाणी मिसळतात. रस परमुलखातील शेतकऱ्याच्या श्रमाचा. पाणी मात्र आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यातले. एकदा मिसळल्यावर ते निराळे करिता येत नाही. या महोत्सवी वर्षी आपले जीवनही प्रभूच्या जीवनात तसेच मिसळो, हीच आमची प्रार्थना.