तळ्याचें पाणी आणि नदीचें पाणी

भंडारा जिल्ह्यांतील माणसाला पाण्याच्या दोन रीती लहानपणापासून ठाऊक असतात. एक वैनगंगेचें अखंड वाहणारें पाणी. दुसरें गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनीं पाळी घालून अडविलेलें आणि धानाला लागेल तेव्हां सोडलेलें तलावाचें पाणी. संगणकाची मुक्त कार्यप्रणाली निवडतांना जो वाद पडतो तो याच दोन रीतींचा आहे. 'रोलिंग' पद्धतींत प्रत्येक नवा घटक तयार होतांच आपल्या यंत्रांत येतो. मुदतबंद आवृत्तींत सर्व घटक एकदां पारखून स्थिर करितात व पुढें कांहीं वर्षें मुख्यतः दोषदुरुस्ती पुरवितात.

१९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियननें पारखीला इतकें महत्त्व दिलें कीं, २००२ च्या आवृत्तीनंतरची आवृत्ति निघण्यास २००५ साल उजाडलें. दरम्यान २००४ मध्यें त्याच पायावर उभ्या राहिलेल्या उबुंटूनें सहामाही आवृत्तीचा नेम घातला; तर २००२ सालच्या आर्च लिनक्सनें आवृत्तीचें बंधनच मानलें नाहीं. नवें यंत्र व नवी सोय हवी असणारांस ही वाट सोयीची झाली.

परंतु वाहत्या पाण्याबरोबर विषहि लवकर पोंचतें. मार्च २०२४ मध्यें 'एक्सझेड' नांवाच्या साधनांत कोणीं पेरलेली चोरवाट आंद्रेस फ्रॉइंड यांच्या ध्यानांत आली. तोंवर ती डेबियनच्या चांचणी-शाखेंत शिरली होती. स्थिर आवृत्ति मात्र वांचली.

मग तळेंच बरें काय? तेथेंहि एक अट आहे. सेंटओएस लिनक्स ८ ची देखभाल २०२९ पर्यंत होईल या भरंवशावर अनेकांनीं कामें उभारलीं. डिसेंबर २०२० मध्यें ती मुदत २०२१ च्या अखेरीवर आणल्याचें जाहीर झालें. भंडाऱ्याला हें दुःख नवें नाहीं. १९५१ मध्यें मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गांवाची देखभाल सुटली आणि कित्येक तलाव गाळानें उथळ झाले.

म्हणून ज्याला पुराची चाहूल लागते त्यानें खुशाल नदीकांठीं राहावें. जाणता माणूस हाताशीं नसलेल्या आमच्या तालुक्याच्या शाळा-कॉलेजांनीं मुदतबंद आवृत्तीच घ्यावी. मात्र घेण्यापूर्वीं तिची पाळ कोण राखणार व कोठवर, हें विचारून घ्यावें.