घरपट्टी आणि संपत्तीकर

महाराष्ट्रात जिला आपण घरपट्टी म्हणतो, तिला इथे संपत्तीकर म्हणतात. रायपूरला नगरपालिका आली सन १८६७ मध्ये, नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना. पुढे १९६७ मध्ये तिचे नगर निगम झाले.

पूर्वी घराला भाडे किती येईल याचा अंदाज पालिकेचा माणूस बांधी व त्यावर कर बसे. साहजिकच तक्रारी होत. सन १९९७ मध्ये, म्हणजे छत्तीसगड राज्य होण्याच्या तीन वर्षे आधी, ही रीत बदलली. वस्ती, बांधकाम व वापर पाहून निगमाने चौरस फुटाचा दर ठरवायचा आणि हिशेब मालकानेच स्वविवरणीत भरायचा, असे झाले.

म्हणजे मोजमापाची जबाबदारी आता आपली. फ्लॅटचे क्षेत्रफळ खरे लिहावे. स्वतः राहतो म्हणून मिळणारी सवलत भाडेकरू ठेवल्यावर घेऊ नये. रजिस्ट्री झाली तरी निगमाच्या वहीत नाव आपोआप चढत नाही. नामांतरण वेगळे करावे लागते. तसेच सोसायटीचा मेंटेनन्स भरला म्हणजे कर भरला, असेही नाही.

शंकर नगरात आपण पाहुणे राहिलेलो नाही. ३१ मार्चपूर्वी कर भरून पावती जपून ठेवणे, हेही या गावचे होणेच आहे.