दुर्योधनाचा दाखला

दहावी-बारावीचे निकाल लागले की नवीन पनवेलच्या चौकांत क्लासवाल्यांचे फलक चढतात. ज्यांचे फोटो त्यांवर नसतात त्यांच्या घरी मग ठरलेले बोल सुरू होतात: समाधान मानलंस तर संपलास. पूर्वपक्ष असा की, स्वतःला स्वीकारणे म्हणजे प्रयत्न सोडणे. माणूस पुढे जातो तो स्वतःवर नाराज असतो म्हणूनच. व्याख्याने देणारे त्याला महाभारताचा आधारही जोडतात, की असंतोष हेच वैभवाचे मूळ.

आधार खरा आहे. फक्त बोलणारा कोण, ते सांगायचे राहून जाते. सभापर्वात हे दुर्योधन धृतराष्ट्राला ऐकवतो, युधिष्ठिराचे राजसूयातले ऐश्वर्य पाहून परतल्यावर. त्याआधी शकुनीपाशी तो आगीत शिरण्याची, विष घेण्याची, पाण्यात जीव देण्याची भाषा करून चुकलेला असतो. हस्तिनापुरात ज्याला काही कमी नाही तो राजपुत्र स्वतःला इतका कवडीमोल समजू लागतो, की आपण काही उभारावे हा विचार त्याला शिवत नाही. पटतात ते मामाचे फासे. आत्मतिरस्कारातून उन्नती होते, याला याहून वाईट साक्षीदार शोधूनही सापडणार नाही.

प्रश्न असंतोष असावा की नसावा हा नाहीच. तो कशाबद्दल, हा आहे. अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथेच बोट ठेवते: कृतीला खुशाल नापास करा, माणसाला एकूण गुण देऊ नका. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात 2010 साली प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. 2012 साली बर्कलीच्या ब्राइन्स आणि चेन यांनाही असेच दिसले: चाचणीत आपटल्यावर स्वतःकडे करुणेने पाहायला सांगितलेली मुले पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यासाला बसली. परीक्षा पनवेलच्या नव्हेत, मान्य. पण नापासाची लाज पुस्तकापासून दूर पळवते, हे कळायला कॅनडाला जावे लागत नाही.

पूर्वपक्षाचा बळकट मुद्दा वेगळाच आहे, आणि तो या मातीतला आहे. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा उरण-पनवेलचा शेतकरी स्वीकाराची भाषा बोलत बसला असता तर? जानेवारी 1984मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. असंतोषाचाच हा विजय नव्हे काय?

आहेच. पण तो असंतोष होता मोबदल्याबद्दल, सरकारी व्यवहाराबद्दल. आपण आगरी-कोळी, कमी शिकलेले, म्हणून आपल्याला इतकेच मिळायचे, असे मानणारा माणूस मोर्चात येत नाही; मिळेल त्यावर अंगठा उठवून घरी जातो. परिस्थिती नाकारायला आपण कमी नाही एवढी खात्री आधी लागते. पूर्वपक्षाने पुढे केलेला हा दाखला त्याच्याच अंगावर येतो.

एक मात्र पूर्वपक्षाला देऊन टाकू. “माझा स्वभावच असा” म्हणत घरादारावर खेकसणारे गृहस्थही हल्ली स्वस्वीकाराचा झेंडा मिरवतात. तो स्वीकार नव्हे, कारण राग आपला आहे आणि त्याचा त्रास दुसऱ्यांना होतो, यातले दुसरे अर्धे त्यांनी स्वीकारलेलेच नसते. गणितात पस्तीस पडलेल्या मुलालाही हेच लागू: पस्तीस हा आकडा त्याने पुरता पाहावा, कोणती उदाहरणे चुकली ते पेपर काढून मोजावे. “मी ढ” हे उत्तर त्या मोजणीतून सुटका करून देते, म्हणून ते आळशी उत्तर आहे.