मानधन

पाहुणे पाळक उपदेश करून निघाले की मंडळीचा खजिनदार हळूच पाकीट पुढे करतो. वहीत नोंद होते ‘मानधन’. शब्द मोठा चतुर. संस्कृतात ‘मानधन’ म्हणजे ‘मान हेच ज्याचे धन’ असा स्वाभिमानी माणूस. भारवीने ‘किरातार्जुनीया’त दुर्योधनाच्या योद्ध्यांना हेच विशेषण लावले, आणि त्याच श्लोकात राजा त्यांचा धन देऊन सत्कार करतो असेही सांगून टाकले! मराठीत मात्र मान आणि धन एकाच पाकिटात आले.

ग्रीकमध्ये हा मेळ आधीच होता. तिथला ‘तिमे’ हा शब्द सन्मानालाही चालतो आणि किमतीलाही. नव्या करारातल्या पहिल्या तीमथ्यपत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीचा चांगला कारभार पाहणाऱ्या वडिलांना दुप्पट ‘तिमे’ द्यावा असे म्हटले आहे. म्हणजे नुसता हार-तुरा की दाणागोटाही? उत्तर पुढच्याच वचनात आहे. मळणीच्या बैलाला मुसकी घालू नये, हा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला नियम तिथे येतो. जोडीला कामकऱ्याची मजुरी. खळ्यावर पात धरलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक भाष्य नको.



गंमत प्रेषित पौलाची. करिंथकरांना लिहिताना हाच बैल पुढे करून त्याने सेवकांचा हक्क ठासून मांडला, आणि स्वतः मात्र तो घेतला नाही. करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तो तंबू शिवत असे.